वाजलेली गाणी आणि निवडलेली गाणी: वर्षअखेरीच्या याद्यांचं परीक्षण

नोव्हेंबर सरता सरता दोन प्रकारच्या याद्या समोर येतात. एक आपलं ॲप देतं: वर्षभरात काय किती वेळा वाजवलं त्याचा रंगीत गोषवारा. दुसरी समीक्षकांची: वर्षातली शंभर गाणी, पन्नास अल्बम, क्रमवार. पहिलीत मोजणी असते, दुसरीत निवड. 'यंदाची माझी आवडती गाणी कोणती?' या साध्या प्रश्नाचं उत्तर मात्र दोन्हींत अर्धंच सापडतं. ॲपला वाजलेलं कळतं, आवडलेलं कळत नाही. समीक्षकांची यादी ही बहुतेक वेळा कुणा एकाची आवड नसते, ती अनेकांच्या मतांची बेरीज असते. तरी दोन्ही कामाच्या आहेत, फक्त त्यांच्या आत काय चालतं ते माहीत हवं.

स्पॉटिफाय रॅप्डपासून सुरुवात करू, कारण बाकीच्या बहुतेकांनी त्याचाच कित्ता गिरवला आहे. २०१६पासून हा गोषवारा दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला येतो. तो मिळायला वर्षभरात किमान ३० गाणी आणि किमान ५ वेगवेगळे कलाकार ऐकलेले असावे लागतात. मोजणीचा नियम एकच: गाणं ३० सेकंद वाजलं की एक नोंद. पस्तिसाव्या सेकंदाला कंटाळून पुढे ढकललेलं गाणं आणि डोळे मिटून शेवटच्या सुरापर्यंत ऐकलेलं गाणं, दोघांच्या नावापुढे एकेकच काडी पडते.

या नियमाचा परिणाम साध्या भागाकारात दिसतो. तासाभरात दोन मिनिटांची गाणी ३० वेळा वाजतात, दहा मिनिटांची ६ वेळा आणि अर्ध्या तासाचा बडा ख्याल दोनदा. म्हणजे तेवढाच वेळ, तेवढंच मन लावून ऐकलं, तरी ख्यालाला दोन काड्या आणि छोट्या गाण्यांना तीस. शास्त्रीय संगीत, लांब पल्ल्याचं जॅझ, कव्वाली ऐकणाऱ्यांची यादी त्यांच्या खऱ्या ऐकण्यापेक्षा वेगळी दिसते ती यामुळेच. अशा श्रोत्यांनी रॅप्डमधली गाण्यांची क्रमवारी बाजूला ठेवून एकूण मिनिटांचा आकडा तेवढा पाहावा. तो लांबीवरून भेदभाव करत नाही.

दुसरी अडचण तारखांची. मोजणी १ जानेवारीला सुरू होते आणि गोषवारा यायच्या काही आठवडे आधी थांबते. पुढच्या वर्षीची मोजणी पुन्हा १ जानेवारीपासून. मधला डिसेंबर कुठल्याच वर्षात जमा होत नाही. शिवाय जानेवारीत आलेल्या गाण्याला वाजायला दहा महिने मिळतात, ऑक्टोबरात आलेल्याला जेमतेम पाच-सहा आठवडे. शरदात आलेलं उत्तम गाणं यादीत साठाव्या क्रमांकावर दिसलं तर ते कमी आवडलं असा अर्थ काढू नये, त्याला वेळच मिळालेला नसतो.

तिसरी भानगड कलाकारांच्या नावाची, आणि चित्रपटगीतं ऐकणाऱ्यांना ती जास्त छळते. चित्रपटगीताला संगीतकार, गायक, गायिका, गीतकार असे चार-पाच धनी. त्यातलं कुणाचं नाव 'कलाकार' म्हणून आधी येईल, हे लेबलने माहिती कशी भरली त्यावर ठरतं. एका अल्बमवर संगीतकार आधी, दुसऱ्यावर गायिका. त्यामुळे आवडत्या कलाकारांच्या पानावर जो पहिला दिसतो तो गळ्यामुळे आला की चालीमुळे, हे त्या पानावरून कळत नाही. तेच गाणं सुट्या रूपात, अल्बममध्ये आणि नंतरच्या विशेष आवृत्तीत अशा तीन ठिकाणी असलं, तर त्याच्या नोंदी तीन जागी विभागल्या जाण्याची शक्यता असते. अशा वेळी वर्षभर लाडकं असलेलं गाणं पहिल्या दहांतून खाली घसरतं.

रॅप्डमध्ये खरोखर राखून ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे सोबत येणारी १०० गाण्यांची यादी. पहिली पाच गाणी आपल्याला तोंडपाठच असतात, त्यात नवं काही कळत नाही. मजा तीस ते शंभर या पट्ट्यात आहे. मार्चमध्ये झपाटून ऐकलेलं आणि मग पार विसरलेलं गाणं तिथं हमखास भेटतं. ते रंगीत फलक एकदा पाहिले की झालं, ही यादी मात्र जपून ठेवावी.

ॲपल म्युझिकचं रिप्ले २०१९चं. दिसायला साधं, पण एका बाबतीत उजवं: त्याची गाण्यांची यादी वर्षभर दर आठवड्याला ताजी होत राहते. त्यामुळे आपला कल कुठे झुकतोय ते मे महिन्यातही पाहता येतं आणि घरातल्या सामायिक स्पीकरवर कुणी बडबडगीतांचा रतीब लावला असेल तर तो वेळीच ध्यानात येतो. रिप्ले रिकामं किंवा तुटपुंजं दिसलं, तर बहुतेक वेळा कारण सेटिंग्जमध्ये असतं. 'यूज लिसनिंग हिस्टरी' हा पर्याय त्या उपकरणावर बंद असला की तिथं वाजलेलं काहीच धरलं जात नाही. फोनवर चालू आणि स्पीकरवर बंद असा प्रकार सहज होतो, म्हणून प्रत्येक उपकरणावर तो वेगळा तपासावा. यूट्यूब म्युझिकच्या रीकॅपचंही तसंच. 'वॉच हिस्टरी' थांबवलेली असेल तर हिशेबाला काही उरत नाही. शिवाय तिथं एकाच गाण्याचा मूळ व्हिडिओ, नुसता ऑडिओ आणि शब्दांसह केलेला व्हिडिओ असे निरनिराळे अवतार असतात, त्यामुळे क्रमवारीवर फार विसंबू नये.

मोजणी गांभीर्याने करायची असेल, तर माझी पसंती लास्ट.एफएमला आणि त्याहून लिसनब्रेन्झला. लास्ट.एफएम २००२पासून आहे. गाणं वाजलं की त्याची नोंद तिथं जाते, त्या नोंदीला 'स्क्रॉबल' म्हणतात. नियम असा: गाणं ३० सेकंदांपेक्षा मोठं हवं, आणि ते निम्मं किंवा ४ मिनिटं, यांतलं जे आधी होईल तेवढं वाजायला हवं. सहा मिनिटांच्या गाण्याला तीन मिनिटं, वीस मिनिटांच्या रचनेला चार. अर्धं गाणं ऐकलं म्हणजे निदान मुखडा आणि पहिला अंतरा कानावरून गेला. 'ऐकलं' म्हणायला एवढं तरी हवंच. लांबीचा पक्षपात इथंही सुटत नाही, पण चाळत सुटणाऱ्या बोटांच्या नोंदी गळून पडतात.

लास्ट.एफएमच्या उणिवा ठरलेल्या आहेत. मागचा इतिहास आपोआप येत नाही. जोडणी केली त्या दिवसापासून वही सुरू होते, आणि साधारण दोन आठवड्यांपेक्षा जुन्या तारखेच्या नोंदी ते स्वीकारत नाही. गाण्याची माहिती येते तशीच लिहिली जाते. एकच गायिका एका ठिकाणी देवनागरीत आणि दुसऱ्या ठिकाणी रोमन लिपीत लिहिलेली असेल, तर त्या दोन कलाकार होतात. युगुलगीताची दोन नावं स्वल्पविरामाने जोडून आली की तिसराच कलाकार जन्माला येतो. फोनवरचं नोंदणी-ॲप आणि संगीतसेवेची थेट जोडणी, दोन्ही चालू ठेवली तर प्रत्येक गाणं दोनदा चढतं. एका वेळी एकच ठेवावं. लिसनब्रेन्झ हा म्युझिकब्रेन्झ चालवणाऱ्या मेटाब्रेन्झ फाउंडेशनचा खुला प्रकल्प आहे. तिथं आलेली नोंद म्युझिकब्रेन्झच्या खुल्या सूचीतल्या ध्वनिमुद्रणाशी जुळवली जाते, त्यामुळे नावांचा गोंधळ बराच निवळतो. मराठी-हिंदी जुन्या गाण्यांच्या नोंदी त्या सूचीत विरळ आहेत, पण त्या स्वतः भरता येतात आणि एकदा भरल्या की सगळ्यांच्याच कामी येतात. वर्षअखेरीचा अहवालही लिसनब्रेन्झ देतं आणि आपली सगळी माहिती कधीही उतरवून घेता येते.

स्पॉटिफाय वापरणाऱ्यांना मात्र याहून पुढे जाता येतं, आणि या परीक्षणातला सर्वांत उपयोगी भाग हाच. खात्याच्या खासगीपणाच्या पानावरून आपला विदा, म्हणजे डेटा, मागवता येतो. दोन प्रकार आहेत. खात्याची माहिती सुमारे पाच दिवसांत मिळते आणि तिच्यात गेल्या वर्षभराचं ऐकणं असतं. विस्तारित इतिहास खातं उघडल्यापासूनचा असतो आणि त्याला तीस दिवसांपर्यंत वेळ लागतो. डिसेंबरात हवा असेल तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच मागवावा. मागवायचा तो विस्तारितच, कारण त्यात प्रत्येक नोंदीसोबत ते गाणं किती मिलिसेकंद वाजलं, कशामुळे सुरू झालं आणि कशामुळे थांबलं, हे तिन्ही असतं.

फायली जेसन या मजकुरी स्वरूपात आणि तुकड्यांत येतात. एक्सेलच्या 'गेट डेटा'मधून त्या उघडतात आणि एकाखाली एक जोडता येतात. गूगल शीट्स जेसन थेट उघडत नाही, आधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाईल, करून घ्यावी लागते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणून पहिलं काम आपल्या वेळेत बदलण्याचं. नाहीतर ३१ डिसेंबर-१ जानेवारीच्या रात्रीच्या नोंदी चुकीच्या वर्षात जातात आणि पुढे दिवस मोजतानाही घोळ होतो. मग गाळणी लावायची. ३०,००० मिलिसेकंदांखालच्या ओळी काढून टाका. त्याहून कडक हवं असेल तर ९०,००० ठेवा, दीड मिनिटात चाल मनात उतरली की नाही ते ठरतं.

आता 'कशामुळे सुरू झालं' हा रकाना पाहा. त्यात 'ट्रॅकडन' असेल तर आधीचं गाणं संपलं म्हणून हे आपोआप लागलं. 'क्लिकरो' असेल तर आपण स्वतः त्या ओळीवर बोट ठेवलं. फक्त 'क्लिकरो'च्या ओळी ठेवून यादी केली की चित्रच पालटतं, कारण ॲपने वाढलेली गाणी खाली जातात आणि आपण शोधून लावलेली वर येतात. 'कशामुळे थांबलं' या रकान्यात वारंवार पुढे ढकलल्याची खूण असेल, तर ते गाणं कितीही वेळा वाजलेलं असो, आवडत्यांत धरू नये. ही गाळणी पूर्ण अल्बम ओळीने ऐकणाऱ्याला मात्र लागू पडत नाही. त्याच्या पहिल्या गाण्यालाच 'क्लिकरो' मिळतो, पुढची सगळी आपोआप लागलेली दिसतात.

पण एकच मोजमाप निवडायचं झालं तर ते वेगळ्या दिवसांचं. समजा एक गाणं ८४ वेळा वाजलं, पण सगळं सहा दिवसांत. दुसरं ४१ वेळाच वाजलं, पण ३७ निरनिराळ्या दिवशी. ॲप पहिल्याला डोक्यावर घेईल. खरं आवडतं दुसरं, कारण पावसात, प्रवासात, कामाच्या गर्दीत पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळावंसं वाटलं. गूगल शीट्समध्ये हे 'काउंटयुनीक'ने निघतं. एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्ये 'डिस्टिंक्ट काउंट' हवा असेल तर टेबल बनवतानाच 'डेटा मॉडेल'मध्ये टाकण्याची खूण करावी लागते, नाहीतर तो पर्याय दिसतच नाही. उशिरा आलेल्या गाण्यांना न्याय द्यायला या दिवसांच्या संख्येला पहिल्यांदा ऐकल्यापासूनच्या आठवड्यांनी भागावं. चार आठवड्यांपेक्षा कमी वय असलेली गाणी या भागाकारात उगाच फुगतात, ती वेगळी ठेवावीत. आणखी एक: विस्तारित इतिहासात प्रत्येक नोंदीचा आयपी पत्ता असतो. ती फाईल कौतुकाने कुणाला पाठवण्याआधी तो रकाना पुसावा.

आता समीक्षकांकडे. त्यांच्या याद्यांचा जुना नमुना म्हणजे अमेरिकेतल्या 'व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकाचं 'पॅझ अँड जॉप' मतदान. रॉबर्ट क्रिस्टगाऊंनी ते १९७१ साली प्रथम घेतलं, १९७४पासून ते दर वर्षी होऊ लागलं आणि २०१८च्या संगीतासाठी शेवटचं झालं. प्रत्येक समीक्षकाने दहा अल्बम निवडायचे आणि १०० गुण त्यांच्यात वाटायचे, एकाला जास्तीत जास्त ३०, कमीत कमी ५. म्हणजे एकाने जीव ओवाळून दिलेले ३० गुण हे सहा जणांनी 'ठीक आहे, असू दे' म्हणून दिलेल्या पाच-पाच गुणांच्या बरोबरीचे. क्रमांकासोबत तीव्रताही मोजणारी अशी पद्धत फार कमी ठिकाणी दिसते, आणि मला तीच सर्वांत प्रामाणिक वाटते. सुट्या गाण्यांसाठी मात्र तिथंही नुसती दहा नावं, गुण नाहीत.

क्रमांकांना ठरीव गुण दिले की काय होतं ते पाहा. पहिल्याला १०, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, अशी उतरंड धरू. दहा जणांच्या यादीत तिसरं आलेलं गाणं ८० गुण घेऊन जातं. सात जणांच्या यादीत पहिलं आलेलं आणि बाकीच्यांनी नावही न घेतलेलं गाणं ७०वर थांबतं. सामूहिक यादीचा माथा बहुधा अशा सर्वमान्य तिसऱ्या क्रमांकांनी भरतो. म्हणून सामूहिक यादीतलं पहिलं गाणं ऐकून 'यात एवढं काय आहे?' असं वाटलं, तर आपला कान बिघडला असं समजायचं कारण नाही.

याद्यांनाही तारखांचा जाच आहेच. बऱ्याच याद्या डिसेंबर उजाडताना छापून तयार असतात, म्हणजे मतं त्याआधीच मागवलेली असतात. अमेरिकी गायक डीॲंजेलोचा 'ब्लॅक मसाया' हा अल्बम १५ डिसेंबर २०१४ला आला. तोवर बहुतेकांच्या याद्या बाहेर पडल्या होत्या, पण पॅझ अँड जॉपचं मतदान उशिरापर्यंत चालत असल्याने तिथं तोच पहिला ठरला. गायिका सिझाचा 'एसओएस' ९ डिसेंबर २०२२चा, आणि पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या संकेतस्थळाने तो २०२३च्या यादीत पहिला ठेवला. त्यामुळे यादी वाचताना ती कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतची आहे, हे आधी शोधावं. ग्रॅमीचं वर्ष तर ऑगस्टच्या अखेरीस संपतं.

श्रोत्यांच्या मतदानाची जातकुळी वेगळी. आपल्याकडच्या वाचकांना १९५२ साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेली, अमीन सयानींच्या आवाजातली बिनाका गीतमाला आणि तिची 'पायदान' आठवतीलच. रेकॉर्डचा खप आणि श्रोता संघांची पसंती यांवर तिचा क्रम ठरे. निवेदक जॉन पील यांच्या बीबीसी रेडिओवरच्या 'फेस्टिव्ह फिफ्टी'त १९७६ला श्रोत्यांनी सर्वकाळातली गाणी निवडली, आणि १९८२पासून ती त्या त्या वर्षापुरती झाली. ऑस्ट्रेलियातल्या ट्रिपल जे या रेडिओ केंद्राच्या 'हॉटेस्ट १००'मध्ये श्रोता दहा गाणी क्रम न लावता देतो. तिथल्या २०१४ सालच्या मतदानात एका गाण्यासाठी बाहेरून मोहीम चालवली गेली, म्हणून ते गाणंच बाद केलं गेलं. श्रोत्यांच्या याद्या लोकांना काय भावलं ते बरोबर सांगतात. अनोळखी गाणं शोधायला त्यांचा उपयोग कमी.

शोधासाठी याद्यांची बेरीज करणारी संकेतस्थळं आहेत, उदाहरणार्थ मेटाक्रिटिक. त्यांचा माथा पाहून फार काही मिळत नाही, तीच वीस नावं सगळीकडे असतात. खाली उतरावं. एखाद्याच यादीत पहिला-दुसरा क्रमांक आणि इतरत्र कुठेच नाव नाही, अशा नोंदी वेचाव्यात. तिथं कुणाचं तरी मनापासूनचं वेड असतं. एकाच प्रकाराला वाहिलेल्या याद्याही अशाच समृद्ध. प्रयोगशील संगीतासाठी 'द वायर' मासिकाचा वार्षिक 'रिवाइंड', जॅझसाठी २००६ साली फ्रान्सिस डेव्हिस यांनी सुरू केलेलं समीक्षकांचं मतदान. त्याहून चांगलं म्हणजे एकेका समीक्षकाची व्यक्तिगत यादी. विश्वास कुणावर ठेवायचा ते ठरवायला त्याची मागच्या वर्षीची यादी काढावी आणि त्यातली किती गाणी आपण आजही ऐकतो ते मोजावं. वीसपैकी पाच निघाली तरी तो माणूस धरून ठेवण्यासारखा.

शंभर गाण्यांची यादी ऐकायची पद्धतही महत्त्वाची आहे. ती ओळीने ऐकू नये. पहिला क्रमांक माहीत असला की कान आधीच मान डोलावतो. सगळी गाणी एका प्लेलिस्टमध्ये टाकून क्रम विस्कटावा, एका बैठकीला पाच-सहाच ऐकावीत, प्रत्येक गाणं निदान तीन वेगवेगळ्या दिवशी. आवाजाची पातळी सारखी करण्याची सोय चालू ठेवावी, कारण किंचित मोठ्या आवाजात वाजलेलं गाणं कानाला जास्त चांगलं भासतं. ही सोय स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएसला (हे आवाजाच्या जाणवणाऱ्या पातळीचं एकक) आणि ॲपल उणे १६ला लावतं. म्हणून एक गाणं इथं आणि दुसरं तिथं वाजवून तुलना केली तर ती फसवी ठरते.

स्वतःची यादी करताना वेगळ्या दिवसांच्या मोजणीतून वरची पंधरा आणि याद्यांतून सापडलेली पाच, अशी वीस गाणी पुरे. क्रम लावायला दोन-दोन गाणी समोरासमोर ठेवून 'आत्ता यांतलं कुठलं लावू?' एवढंच विचारावं. सगळ्या जोड्या केल्या तर १९० होतात, पण आधी छोट्या क्रमवार फळ्या करून त्या एकमेकींत मिसळत गेलं तर काम सत्तरच्या आत आटोपतं. पहिली पाच आणि शेवटची पाच झटकन ठरतात. मधल्या दहांवर वेळ जातो, तिथं क्रम न लावता सोडलं तरी चालेल. प्रत्येक गाण्यापुढे पहिल्यांदा ऐकल्याची तारीख आणि एक ओळ लिहावी. ओळ 'अप्रतिम' अशी नको, 'दुसऱ्या अंतऱ्यानंतर तबला थांबतो ती जागा' अशी हवी. १५ नोव्हेंबरनंतर आलेली गाणी या यादीत न घेता वेगळ्या पानावर लिहून ठेवावीत. ते पान फेब्रुवारीत उघडायचं, आणि तोवर टिकलेली गाणी पुढच्या वर्षीच्या यादीत सर्वांत आधी चढवायची.